दोष डोळ्यांचा नव्हता!

"अंधार पडायच्या आत निघते हं अण्णा."

दोन वर्षं, दर शनिवारी, मी हे एकच वाक्य म्हणत होते. आणि अण्णाही दर शनिवारी तेच उत्तर द्यायचे, "बरं बाई, सावकाश जा."

मी फलटणला शाळेत शिकवते. माझं माहेर बारामतीच्या अलीकडे, नीरेच्या अंगाला असलेल्या एका लहानशा गावात. सासर आणि माहेर यांच्यात जेमतेम तीस किलोमीटर. आई गेल्यापासून अण्णा तिथे एकटेच असतात. "आमच्याकडे राहायला या" म्हटलं की "उसाला पाणी कोण देणार?" असं विचारून तो विषयच संपवतात. मग मीच दर शनिवारी सकाळची शाळा आटोपली की लेकीला क्लासला सोडते आणि गाडी घेऊन तिकडे जाते. आमचे हे नोकरीनिमित्त सोलापूरला, शनिवारी रात्री उशिरा येतात. त्यामुळे आठवडाभर गाडी माझ्याच हातात.

आता गंमत बघा. अण्णा दुपारभर शेतावर. ते घरी यायचे पाच वाजता, हातपाय धुऊन ओसरीवर टेकायचे साडेपाचला. आणि हिवाळ्यात सहाला तर दिवस मावळतो! म्हणजे बापलेकीनं बोलायची वेळ झाली की माझी निघायची वेळ व्हायची. दुपारी मी डबे भरून ठेवायचे, घर आवरायचे, औषधं बघायचे. काम सगळं व्हायचं. फक्त बोलणं राहून जायचं.

कारण एकच. मला रात्री गाडी चालवायची भीती वाटायला लागली होती. समोरून गाडी आली की सगळं पांढरं व्हायचं, आणि ती गेली की सगळं काळं. रस्त्याची कड दिसेना, खड्डा दिसेना. पहिल्यांदा मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, चाळिशी उलटली, आता असंच होणार. रात्रीची गाडी काढूच नकोस तू." जाऊबाई म्हणाल्या, "बायकांना रात्रीचं नाहीच जमत बाई." सासूबाईंनी गाजर खायला सांगितलं. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, मीही ते सगळं मुकाट्यानं मान्य केलं. आपल्यातच काहीतरी कमी आहे, हे आपल्याला किती चटकन पटतं नाही?

तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तेवढं शहाणपण सुचलं खरं. त्यांनी नीट तपासलं. चष्म्याचा नंबर पावभर वाढलेला. बाकी मोतीबिंदू नाही, काही नाही. नवा चष्मा आला. रात्र मात्र होती तशीच राहिली.

ती ट्रॉली

२०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. उसाचा गळीत हंगाम जोरात सुरू होता. आमच्या भागात त्या दिवसांत रस्ते उसाच्या ट्रॉल्यांचे असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस आणि ट्रॅक्टरवर जोरात लावलेली गाणी. त्या शनिवारी अण्णांना थोडी कणकण होती. त्यांना पेज करून देईपर्यंत साडेसात वाजले. निघणं भागच होतं. लेक घरी एकटी होती.

गावातून मुख्य रस्त्याला येणारा सहा-सात किलोमीटरचा फाटा आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मधे अरुंद डांबरी रस्ता, दिवा एकही नाही. मी चाळीसच्या वेगानं चालले होते, त्याहून जास्त नाहीच. आणि अचानक समोरचा अंधार आणखी काळा झाला. क्षणभर कळेचना. मग उसाची वाढी दिसली... आणि मी ब्रेकवर उभी राहिले!

चाक पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच सोडून ट्रॅक्टर निघून गेला होता. मागे दिवा नाही. खाली चार दगड लावलेले. माझी गाडी त्यापासून चार-पाच फुटांवर थांबली. उतरून पाहिलं तर ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी होती. धड होती, चिखलानं माखलेलीही नव्हती. मग ती मला दिसली का नाही?

त्या रात्री घरी येऊन लेकीला काही सांगितलं नाही. पण झोप लागली नाही.

पाणी ओतलं आणि...

दुसऱ्या दिवशी रविवार. गाडी धुवायला काढली. बादलीतलं पाणी तांब्यानं पुढच्या दिव्यावर ओतलं आणि मी तशीच थांबले. एरवी मळकट पिवळा दिसणारा तो दिवा पाणी पडताच स्वच्छ दिसायला लागला. आतला बल्ब, चकचकीत वाटी, सगळं स्पष्ट! पाणी ओघळून गेलं, वाऱ्यानं सुकलं, आणि पुन्हा तीच पिवळसर साय. पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा स्वच्छ. लेकीला हाक मारली. ती म्हणाली, "आई, अगं गाडीलाच मोतीबिंदू झालाय!"

मी तडक आमच्या गॅरेजवाल्या मामांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, "ताई, ती काच न्हाई, पिलास्टिक हाय. त्याचं वरचं कातडं उन्हानं गेलंय. आता ते घासून काढायचं आन् नवं कातडं चढवायचं. एवढंच."

एवढंच! आणि मी दोन वर्षं गाजरं खात होते.

मग मी जरा माहिती काढली. जुन्या अँबॅसिडर-फियाटला गोल, खरोखरच्या काचेचे दिवे असायचे. ती काच फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आताच्या गाड्यांची 'काच' असते पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची. ते हलकं, सहजी न फुटणारं, हव्या त्या आकारात वळणारं. पण त्याचे दोन वैरी: ओरखडे आणि ऊन. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक थर देतात. उन्हातली अतिनील किरणं वर्षानुवर्षं तो थर खातात. वाऱ्यातली वाळू त्याला ओरखडते. थर गेला की खालचं प्लास्टिक पिवळं पडतं, त्यावर बारीक बारीक चिरा पडतात. आमची गाडी चौदा वर्षांची. दारात पश्चिमेकडे तोंड करून उभी असते, रोज दुपारचं ऊन थेट तोंडावर. एका बाजूला शेवग्याची थोडी सावली येते, तिकडचा दिवा कमी पिवळा होता. पुरावाच म्हणा ना!

अमेरिकेत 'ट्रिपल ए' नावाची वाहनचालकांची मोठी संस्था आहे. त्यांनी २०१८ मध्ये असे पिवळे दिवे तपासले. नव्या दिव्याच्या मानानं त्यांचा उजेड पडत होता फक्त वीस टक्क्यांच्या आसपास! घासून पॉलिश केल्यावर तो सत्तर टक्क्यांपर्यंत आला.

आणि मग त्या ट्रॉलीचं कोडं सुटलं. रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. आपण टाकलेला उजेडच तो आपल्याकडे परत पाठवतो. रस्त्याच्या कडेचे पांढरे पट्टे, वळणावरच्या पाट्या, सगळ्यांचं तसंच. माझ्या दिव्यातून उजेडच जात नव्हता, तर परत काय येणार? शिवाय गढूळ झालेल्या दिव्यातला उजेड सरळ न जाता चहूकडे पसरतो. म्हणजे मला दिसत नव्हतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत मात्र जात होतं.

थोडा हिशेब सांगते. गाडी साठच्या वेगानं असली की एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो. म्हणजे पंचवीस मीटर तर नुसते 'अगं बाई' म्हणेपर्यंतच गेले! पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी वीसेक मीटर. तुमचा दिवा तीस मीटरपर्यंतच दाखवत असेल तर बाकीचे पंधरा मीटर देवाच्या भरवशावर.

आधी टूथपेस्ट!

नव्या दिव्यांची चौकशी केली. आमच्या गाडीच्या जोडीला सहा हजारांच्या वर सांगितले. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बघू पुढच्या महिन्यात." मग मी मोबाइलवर फिरणारा उपाय केला, टूथपेस्ट! फडक्यावर घेऊन पंधरा मिनिटं घासली. आणि काय सांगू, चकाकलं की! टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, तिनं वरची मळी निघते. पण महिन्या-दीड महिन्यात दिवा पुन्हा होता तसा. संरक्षणाचा थर घातलाच नव्हता ना. खोबरेल तेल, डास मारायचा फवारा असेही उपाय लोक सांगतात. तेलाची चमक धुतली की गेली. आणि फवाऱ्यातल्या औषधानं प्लास्टिकचा वरचा पापुद्रा विरघळतो. आज चमकेल, उद्या चिरा पडतील. जुनी गाडी विकायला काढणाऱ्याला ते चालत असेल, आपल्याला नाही.

शेवटी मामांकडून नीट विचारून घेतलं आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी आणि लेक अंगणात बसलो. आपल्या पुरवणीच्या सवयीप्रमाणे साहित्य आणि कृती अशीच लिहिते.

साहित्य: पाण्यात भिजवून वापरायचा काळा पॉलिश पेपर (दुकानात वॉटर पेपर म्हणून मागा) ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरचा, प्रत्येकी एक. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. रंगकामाची कागदी चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रं, पाण्याची फवारा मारायची बाटली, गाड्यांचं रबिंग कंपाउंड, दोन-तीन मऊ फडकी, औषधाच्या दुकानातलं थोडं स्पिरिट आणि गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा, अतिनील किरणं अडवणारा पारदर्शक क्लिअर कोटचा डबा. मला सगळं मिळून साडेसातशे रुपये पडले.

कृती: गाडी सावलीत लावा, दिवे बंद आणि गार असू द्या. दिवा साबणाच्या पाण्यानं स्वच्छ धुऊन घ्या. मग दिव्याभोवतीच्या रंगावर चिकटपट्टीचे दोन थर लावा. इथे आळस नको. मी एक कोपरा तसाच सोडला, तिथे बॉनेटवर बोटभर ओरखडा अजून आहे. बघितला की हे हसतात.

कागद पाण्यात दहा मिनिटं भिजवा. ८०० नंबरनं सुरुवात. दिव्यावर सतत पाणी मारत, हलक्या हातानं, आधी आडवं घासायचं. पाणी पिवळसर, दुधाळ येतं. तो जुना थर निघत असतो. पाणी पांढरं यायला लागलं आणि सगळीकडे एकसारखी धुरकट कळा आली की हा कागद पुरे. दिवा धुऊन १५०० नं उभं घासा, २००० नं पुन्हा आडवं, ३००० नं पुन्हा उभं. दिशा बदलली की आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. कोरडं मात्र कधी घासू नका. दिवा फारसा पिवळा नसेल तर ८०० न घेता १५०० पासूनच सुरू करा.

आता एक महत्त्वाची सूचना. ८०० नंतर दिवा सुकला की तो आधीपेक्षा वाईट दिसतो. पार पांढरा, दुधी काचेसारखा! आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. "आई, बाबांना काय सांगायचं?" लेक म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. रात्री हे येणार, आणि "कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला" हे वाक्य मला आधीच ऐकू यायला लागलं. पण घाबरू नका. तसंच व्हायला हवं असतं. पुढचे कागद फिरले की हळूहळू पारदर्शकपणा येतो आणि शेवटी फडक्यावर कंपाउंड घेऊन गोल गोल घासलं की काच हसायला लागते. भांडं घासून शेवटी चिंच लावल्यासारखं!

त्यानंतर सगळं पुसून, स्पिरिटच्या फडक्यानं हलकेच तेलकटपणा काढा. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचं औषध अजिबात नको, त्यानं हे प्लास्टिक तडकतं. पूर्ण सुकलं की आजूबाजूला वर्तमानपत्रं लावून क्लिअर कोटचे दोन-तीन अगदी पातळ हात मारा. दोन हातांच्या मध्ये किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. जाड मारलात तर ओघळ येतात. हे काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करा, लहान मुलांना लांब ठेवा. हार्डनर मिसळायचा दोन भागांचा कोटही मिळतो, तो जास्त टिकतो, पण त्याची वाफ फुफ्फुसांना घातक असते आणि साध्या मास्कनं ती अडत नाही. तो गाड्या रंगवणाऱ्या माणसाकडूनच मारून घ्या. आणि कोट न मारता काम संपवू नका. त्याशिवाय सगळी मेहनत काही महिन्यांत वाया.

आम्हाला दोन दिव्यांना मिळून साडेतीन तास लागले. रात्री हे आले, अंगणातल्या भिंतीवर दिवा टाकून बघितला, आणि काही न बोलता आत गेले. जेवताना म्हणाले, "माझ्या मोटारसायकलचा पण दिवा पिवळा झालाय गं." यालाच आमच्याकडे कौतुक म्हणतात!

तुमचीही गाडी तपासा

हे सगळं चारचाकीपुरतंच नाही. तुमच्या स्कूटीचा दिवाही बहुधा प्लास्टिकचाच असतो. संध्याकाळी क्लासला जाणाऱ्या मुलीच्या गाडीचा दिवा कधी निरखून पाहिलाय का? आजच त्यावर पाणी ओतून बघा. ओला झाल्यावर स्वच्छ दिसला तर दोष बाहेरून आहे, घासून जाईल. पाणी टाकूनही धुरकटच राहिला, किंवा आत पाण्याचे थेंब दिसले, आतली चकचकीत वाटी काळवंडली असली, तर घासण्याचा उपयोग नाही. मग दिवा बदलायलाच हवा. फार खोल चिरा असतील तरी तेच.

उजेड कमी म्हणून मोठ्या वॅटचा बल्ब टाकायचा मोह आवरा. बऱ्याच गाड्यांना ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. त्याजागी शंभरचा टाकला तर वायरी आणि वाटी तापते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. त्यापेक्षा काम झाल्यावर गॅरेजमध्ये दिव्याचा रोख तेवढा तपासून घ्या. आणि हो, हा उपाय जन्मभराचा नाही. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हात फिरवावा लागतो. मी आता गाडी उभी केली की दिव्यांवर जुन्या सुती साडीचा तुकडा टाकते. शेजारच्या काकू विचारतात, "गाडीला पदर कशाला गं?"

रात्री नीट दिसेनासं झालं तर आधी डोळे तपासून घ्या, तिथे हयगय नको. पण डॉक्टर "डोळे ठीक आहेत" म्हणाले की मग स्वतःवर संशय घेत बसू नका. गाडीच्या पुढे जाऊन वाकून बघा. "तुला जमत नाही" हे सगळे म्हणतील, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज आपलाच असेल.

त्यानंतरच्या शनिवारी मी माहेरी गेले. पाच वाजले, साडेपाच वाजले. अण्णा ओसरीवर येऊन टेकले आणि सवयीनं म्हणाले, "निघ आता, अंधार पडेल."

"पडू दे," मी म्हटलं. "आज जेवून जाणार आहे."

ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि परातीत ज्वारीचं पीठ काढून ठेवलं. चुलीपुढं मी भाकरी थापत होते आणि ते पाटावर बसून आईच्या लग्नातली गोष्ट सांगत होते, जी मी कधीच ऐकली नव्हती. निघाले तेव्हा साडेआठ झाले होते. फाट्याच्या वळणावर एक ट्रॉली उभी होती. तिची लाल पट्टी मला लांबूनच दिसली.